सीमेपार न गेलेला कॅमेरा

मित्रांनो, मला रंग दिसत नाहीत, मला ऊब दिसते. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात राहणारा मी एक जुना कॅमेरा. ज्याचं अंग गरम, तो माझ्या पडद्यावर पांढरा उमटतो, मग तो अंधारात का उभा असेना.

ज्या कारखान्यात माझी घडण झाली, तिथे भिंगावर श्वाससुद्धा पडू नये म्हणून कामगार तोंड बांधून बसत. विद्यापीठात आलो तेव्हा माझ्या बाई तरुण होत्या. बाई म्हणजे वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिका. सूर्य मावळताना आम्ही गुहेच्या तोंडाशी बसत असू. दिवा लावावा लागत नसे, की पिल्लांना बिचकवावं लागत नसे. "याच्यामुळे आपली मोजणी खरी होते," असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुलून जाई.

त्या कामात बाईंचा उजवा हात होता एक परदेशी विद्यार्थी. भराभर मोजायचा, म्हणून सगळे त्याला मीटर म्हणत. थंडीत मला तो स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळायचा. पदवी घेऊन तो मायदेशी गेला आणि माझेही दिवस फिरले. नवे, हलके कॅमेरे आले. माझ्या पट्ट्याला बुरशी धरली.

मग मीटरचं पत्र आलं. त्याच्या नव्या संस्थेला सीमेवरच्या जंगलातली हरणं मोजायची होती. मला तीन महिने उसना द्या, असं त्यात होतं. बाई त्याच आठवड्यात परिषदेसाठी त्याच्या देशात जाणार होत्या. त्यांनी मला झाडलं-पुसलं आणि बॅगेत स्वेटरखाली ठेवलं. मला तर कधी एकदा निघतो असं झालं होतं.

आडवे आले थांबाकाका. देशाबाहेर जाणाऱ्या वस्तूंचे कागद तपासणारे हे विद्यापीठाचे कारकून. "थांबा जरा" हे त्यांचं पालुपद, त्यावरूनच हे नाव पडलेलं.

"थांबा जरा, बाई. सैन्यालाही वापरता येतील अशा वस्तूंची सरकारी यादी असते, हा त्या यादीतला कॅमेरा आहे. परवान्याशिवाय नेता येत नाही. त्यात त्या देशावर निर्बंध आहेत."

"अहो, जुनाट आहे तो! हरणं मोजायला नेतेय, लढाईला नाही."

"हरणं दिसतात त्याला माणसंही दिसतात," काका शांतपणे म्हणाले. "तुमच्या अर्जात एक ओळ रिकामी आहे. शेवटी वापरणार कोण?"

"माझा विद्यार्थी!"

"तो मागतोय. वापरणार कोण, ते विचारा."

बाई तणतणत खोलीत आल्या आणि त्यांनी मीटरला फोन लावला. "अरे, एक ओळ भरायचीय. कॅमेरा वापरणार कोण?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "बाई, हे फोनवर नका विचारू."

"हरणंच मोजायची आहेत ना रे?"

"तब्येत जपा, बाई," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बाईंनी अर्जातली ती रिकामी ओळ पुन्हा वाचली. बॅगेत पडल्या पडल्या माझं मन थाऱ्यावर राहीना. त्या जंगलातून लपतछपत सीमा ओलांडणारी एखादी आई, तिच्या कडेवरचं मूल, दोघं पहारेकऱ्याच्या हातातल्या माझ्या पडद्यावर पांढरी होऊन उभी राहिली. आजवर मी कुणाला दाखवून दिल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

बाईंनी मला उचललं आणि थेट काकांच्या टेबलावर ठेवलं. "मी नाही म्हटलं तर त्या पोराचं काय होईल हो? त्यानेच मला सावध केलं असं वाटेल त्याच्या वरिष्ठांना."

"तुम्ही कशाला नाही म्हणता? मी म्हणतो." काकांनी चष्मा चढवला आणि एका पानाचा नकार लिहिला. नियमाचा क्रमांक, तारीख, शिक्का. फोनचा उल्लेख नाही. "त्याला म्हणावं, हा कागद वरिष्ठांना दाखव आणि सांग, तिकडचा एक आडमुठा कारकून ऐकतच नाही."

बाईंनी तो कागद मीटरला धाडला आणि त्या परिषदेला गेल्या, मी कपाटात राहिलो. ते आठ दिवस माझे कसे गेले, मलाच ठाऊक. तो कागद उशिरा तर पोहोचला नसेल? कुणी त्याला खोदून तर विचारलं नसेल?

नवव्या दिवशी बाईंनी कपाट उघडलं. मागे काका उभे होते.

"भेटला?"

"माझी बॅग घ्यायला परिषदेच्या दारातच उभा होता. वाळलाय. पण नोकरी शाबूत आहे. वरिष्ठ फार चिडले म्हणे, पण तुमच्यावर."

"चिडू देत," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच मला हसताना दिसले.

तरी माझी तगमग संपलेली नाही. मी गेलो नाही, म्हणून दुसऱ्या कुठल्या वाटेने दुसरा कॅमेरा तिथे पोहोचला असेल का? कपाटात बसून ते कळत नाही.

मित्रांनो, आम्हाला पुसता, जपता, हे आम्हाला आवडतंच. पण हातातून सोडताना आम्ही कुणाकडे चाललो, तेही विचारत जा. आणि कागद अडवून धरणारा एखादा माणूस भेटला, तर त्याच्यावर चटकन खेकसू नका. दूर कुठेतरी कुणाला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणता येत नसतं.