पहिल्या श्रेणीचा जिना

मावशीच्या घरातला लाकडी जिना भाचीने जगाला दाखवला, हे गल्लीत कुणीही सांगेल. डॉक्टरेट करताना ती तिथेच राहायची. मावशी वरून चहासाठी हाका मारून दमायची आणि ही आपली पायऱ्यांना टेप लावून बसलेली. ‘चढ हेच या जिन्याचं सौंदर्य’, असं तिने प्रबंधात ठासून लिहिलं. पंचविशीतल्या गुडघ्यांना चढ सुंदर वाटायला काय जातंय! प्रबंधाचं पुस्तक झालं, पुस्तकामुळे जिना पहिल्या श्रेणीचा वारसा ठरला आणि भाची प्राध्यापक होऊन वारसा समितीवर जाऊन बसली.

जिना शाबूत राहिला, मावशीचे गुडघे मात्र गेले. ती वरच्या मजल्यावर अडकून पडली. शेवटी मावसभावाने जिना थोडा कापून लिफ्ट बसवायची परवानगी मागितली.

“ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे,” तो फोनवर म्हणाला. “नाहीतर आईला माझ्याकडे आणावं लागेल. ती इथे रमायची नाही गं.”

“बघते,” ती म्हणाली.

बैठकीत तो विषय निघाला तशी ती उठली. “घरचा मामला आहे, मी बाहेर थांबते.” सगळ्यांना तिचं कोण कौतुक वाटलं. पण जाण्याआधी दोन शब्द बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. आपण लिहिलं ते चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ते तिने गिळलं, कारण पुस्तकाची नवी आवृत्ती तोंडावर आली होती. आत तिचंच वाक्य वाचून दाखवलं गेलं आणि अर्ज नामंजूर झाला. बाहेर बाकावर तिला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

मावशीला हमालांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. वळणावर खुर्ची अडली. खाली उभ्या असलेल्या भाचीला वर बघायचीही चोरी झाली होती.

“जपून रे बाबांनो,” मावशी हमालांना म्हणाली, “कठड्याला ओरखडा नको. आमच्या ठमीने जपलाय तो.” मग तिने ठमीकडे पाहिलं. “माझ्यासाठी खूप भांडली असशील ना गं तिथे?”

“हो,” भाची म्हणाली.