निमोण्यातला प्रलय

प्रलयपट पाहताना माणसाला निसर्गापुढची आपली पायरी कळते. हे वाक्य मी चित्रपट बघायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. दौंडच्या साप्ताहिकाला परीक्षण वेळेत लागतं.

दोन हजार तीनच्या दुष्काळी उन्हाळ्यात टूरिंग टॉकीजवाल्या जयसिंगनं निमोण्यात तंबू ठोकला आणि हिंदीत बोलणारा इंग्रजी प्रलय आणला. आधी भूकंप, मग समुद्र, मग अख्खं शहर खलास. आवाजासाठी चार नवे कर्णे. गावाचा रिवाज असा, की पहिला खेळ म्हस्कूआबांना पटला तर तंबू तीन दिवस राहायचा, नाहीतर सकाळी खुंट्या उपटायच्या. आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. एकदा नको म्हणाले की नको.

दिवेलागणीला खेळ लागला. अर्धा तास नायक-नायिका भांडले. मग कर्ण्यांतून घरघर उठली, जमीन हादरली. जयसिंगनं अभिमानानं माझ्याकडं बघितलं.

"टँकर आला गं!" पुढं बसलेल्या सगुणाबाई ओरडल्या.

मिनिटात तंबू रिकामा. बायका हंड्यांसाठी घराकडं, बाप्ये विहिरीकडं, आबा सगळ्यांच्या पुढं. पडद्यावर इमारती कोसळत होत्या आणि बघायला मी, जयसिंग आणि एक कुत्रं. थोड्या वेळानं कुत्रंही गेलं.

"पडला पिक्चर," जयसिंग मटकन खाली बसला. "उपटा खुंट्या."

पण विहिरीवर टँकर नव्हताच. माणसं रिकाम्या हंड्यांसकट परत आली, कुरकुरत टेकली, आणि तेवढ्यात समुद्र आला. पडदाभर पाणी! शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. नायक बुडाला तेव्हा तर टाळ्या.

"आजी, खारं हाय ते," कंपनीत कामाला जाणारा रविराज म्हणाला.

"आसंना का! भांडी तरी निघतील," सगुणाबाई म्हणाल्या. "आवो जयसिंग, परत सोडा की पाणी!"

ते रीळ दोनदा गुंडाळून पुन्हा लावावं लागलं.

खेळ संपला. जयसिंग हात जोडून आबांपुढं उभा राहिला. आबांनी सावकाश तंबाखू मळली.

"पडद्यावरची माणसं उगंच पळत्यात," आबा म्हणाले. "पर पाणी झ्याक हाय. ऱ्हावा तीन दिस."

जयसिंगनं त्यांचे पायच धरले. "आन् आवाज, आबा? चारी कर्णे नवे हायेत!"

"आवाज तर लईच बेस," आबा म्हणाले. "फकस्त उद्या टँकर येऊन गेल्यावर लावा."