एकाच पंपाच्या ओळी

थोरल्या सुनेला काही केल्या उलगडत नव्हते. रान एक, फुटवे मारायचे औषध एक, पंप एक, आणि फवारणारा हातही तिचाच. तरीही बांधालगतच्या ओळींत पानांच्या बगलेतले फुटवे तरारून उभे होते. त्यांच्यापुढच्या ओळींत ते काळे पडून गळाले होते, आणि आणखी पुढे तर फुटव्यांबरोबर तंबाखूची चांगली रुंद पानेही देठाशी करपली होती. त्यानंतर पुन्हा हिरवेगार फुटवे सुरू.

खालचे हे रान सासूबाईंनी यंदा प्रथमच तिच्यावर सोपवले होते. शेंडे खुडल्यावर झाडाचा सगळा जोर बगलेतल्या फुटव्यांकडे वळतो. ते वेळीच मारले नाहीत तर पान भरत नाही. ही फवारणी बिघडली की रान पुन्हा दिराकडे जाणार, हे तिला कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

दीर बांधावर उभा राहून हसत होता. "वहिनी, शेत फवारलंत की नक्षी काढलीत?"

"थट्टा नंतर करा, भावजी. तुमच्या वेळी असं कधी झालं होतं का?"

"माझ्या वेळी मी चालता चालता झोपत नव्हतो."

"झोपले असते तर एखादी ओळ तरी वाकडी आली असती!"

सासूबाईंनी करपलेले पान उलटसुलट करून पाहिले. "अगं, मधे ओळी सोडल्यास का?"

"नाही आई. एकही नाही."

"मग इथं दोनदा मारलंस?"

"नाही," ती म्हणाली खरी, पण आवाजात पहिल्यासारखा ठामपणा उरला नव्हता. आपण कुठे वळलो, कुठे थांबलो, हे ती मनाशी पुन्हा पुन्हा चालून पाहू लागली आणि प्रत्येक वेळी वाट थोडी निराळी निघू लागली. एवढे मात्र पक्के आठवत होते की फवारणीच्या त्या दिवशी वाऱ्याने झाडे कलली होती. कललेल्या झाडावर औषध एकाच अंगाने ओघळते आणि दुसऱ्या अंगाच्या बगला कोरड्या राहतात. म्हणून पंप बांधावर ठेवून तिने आधी झाडे उभी केली होती, बुंध्याशी माती दाबली होती, आणि मगच पंप पाठीवर घेतला होता. थोडे फवारायचे, पुन्हा पंप ठेवायचा, पुन्हा झाडे सावरायची. याहून काळजीने कोणी काय करणार?

आजच्या फवारणीसाठी भरलेला पंप या बोलण्यात केव्हापासून बांधावरच राहिला होता. काहीतरी करायचे म्हणून तिने झाकण उघडले, आणि तिचा हात थबकला. सकाळी ढवळून भरलेले ते दुधी पाणी आता दुधी राहिले नव्हते. वर तेलकट साय धरली होती. खाली जवळजवळ निवळ पाणी. पंप पाणी ओढतो ते तळातून. म्हणजे त्या दिवशी दर पंपाला आधी नुसते पाणी फवारले गेले आणि शेवटी उरले ते जहाल औषध.

"म्हणजे झाडांचे लाड केलेत नि पंपाला विसरलात," दीर डोकावून म्हणाला.

"हो," ती म्हणाली. कारण सापडूनही डोक्यातला गुंता सुटेना. हिरव्या ओळींवर ढवळून पुन्हा मारता येईल. करपलेले पान गेलेच. पण या दोहोंच्या मधे अर्धेच औषध कुठल्या झाडापासून लागले, हे कसे ओळखायचे? तिथे दुसरा हात मारावा तर उरलेली पानेही जायची.

"द्या इकडे," म्हणत दिराने पंपाच्या पट्ट्याला हात घातला. थोरलीनेही घातला. दोघांनी एकदमच सासूबाईंकडे पाहिले.

सासूबाई कधीच मधल्या ओळीत शिरल्या होत्या. एकेक बगल चाचपून त्या अर्धवट जगलेले फुटवे हाताने मोडत होत्या. चिकट रसाने बोटे काळवंडत होती. "ज्याला ढवळायचं लक्षात राहील त्यानं घ्या," त्या मान वर न करता म्हणाल्या.

दिराचा हात सैल पडला. थोरलीने काठीने औषध तळापासून ढवळले, पंप पाठीवर चढवला आणि हिरव्या ओळीत पाऊल टाकले. मागे फुटवे मोडल्याचा टकटक आवाज तिच्याच चालीने येत होता. सासूबाई सोबत करत होत्या की लक्ष ठेवत होत्या, तिला समजेना.

"आई, हे रान माझ्याकडेच राहणार ना?"

"अगं, थांबू नकोस. औषध बसेल खाली."

"खाली नाही बसत, आई. वर येतं."

मागचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.