बेचाळीसपैकी एक जागा

साकोलीच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या घनश्याम सरांचे डोळे आले ते चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात, नेमके कागद पाठवायच्या आठवड्यात. नागपूरच्या एका संस्थेत सोमवारी त्यांना कॉम्प्युटरचा एक तास मिळणार होता. तो हुकला की पुढचा दिवाळीनंतर. यंत्राकडून प्रमेय सिद्ध करून घ्यायचं होतं. त्याआधी त्याला बैजिक राशी न सोडवता नुसत्या बांधून ठेवायला शिकवायचं, त्या सूचनांचे बारा कागद सरांनी पाठवायचे होते.

डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून सर सांगत, बायको चंद्रकांता रोमन अक्षरांत लिहून घेई.

"दोन अधिक तीन लिवलं. पाच लिवू?"

"नाई. बेरीज कराची नाई, बांधून ठेवाची."

"म्हणजे पेंढी बांधाची, झोडाची नाई."

"हो. झोडणी यंत्र करन."

क्ष आणि य मध्ये तिचा घोळ होई, म्हणून सरांनी चलांना घरचीच नावं दिली. घनश्याम अधिक चंद्रा बरोबर चंद्रा अधिक घनश्याम, हे प्रमेय. लग्नाच्या अकरा वर्षांत जिने नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही, तिला ते बेचाळीस वेळा लिहायला लावायचं. यात गणित किती आणि लबाडी किती, सरांनाच ठाऊक.

रविवारी नागपूरची बस सुटायला अर्धा तास असताना ते म्हणाले, वाचून दाखव.

"आमचे अधिक चंद्रा."

सरांनी रुमाल काढला. "आमचे कोण?"

"तुमचं नाव कसं लिवू? तुमच्या जागी 'आमचे' लिवलं."

सर दचकले, मग हसले. "चालते. यंत्राले नावाशी घेणं नाई. पण सगळीकडं तेच पाह्यजे. एका जागी जरी दुसरं असलं, तं ते दोन माणसं समजन. प्रमेय गेलं मंग."

चंद्रकांताने पुढे वाचायचं सोडून कागद मांडीवर ठेवले.

"काहून? सुटली का एखादी?"

"सुटली नाई. एका जागी तुमचं नावच लिवलं. माह्या अक्षरात कसं दिसते, पाहाचं होतं."

नववा कागद, खालून तिसरी ओळ. तिचं बोट शोधत बसलं नाही.

"खोडावं लागन," सर म्हणाले, परवानगी मागितल्यासारखे.

"आधी पाहून तं घ्या."

त्यांनी कागद नाकाशी नेला. चिपडं, पाणी, पुसट रेघा. "दिसत नाई वं."

तिने कागद परत घेतला आणि वाचलं, "घनश्याम." हळू, पण स्पष्ट. मग रबर फिरवलं आणि तिथे 'आमचे' लिहिलं.

पाकीट कंडक्टरच्या हाती देताना सर डोळे पुसत होते. विचारणाऱ्याला सांगायला कारण होतंच.