बनाबाईची काडेपेटी

"सावधान!"

हवालदार गुंडाभाऊ ओरडले आणि समोर मुसमुसत बसलेला केरबा ताडकन उभाच राहिला. रडं कुठल्या कुठे पळालं. तसं ते खोटंच होतं म्हणा. त्या दिवशी दुःखी माणूस व्हायची पाळी केरबाची होती.

राजेश्वरीताईंनी कपाळाला हात लावला. "गुंडाभाऊ, समोरचा रडायला लागला तर काय करायचं ठरलंय आपलं?"

"ऐकून घ्यायचं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"उभा केला त्याला. बसून माणूस जास्त रडतो, ताई. आमच्या पलटणीत तर..."

"पलटण नको!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साताऱ्यातल्या एका संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत दर बुधवारी हा वर्ग भरायचा. मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांनी, अजून त्यात अडकलेल्यांना सोबत करायची, म्हणून त्यांचं नाव ‘सोबती’. गोळ्या डॉक्टर देणार, कान सोबती देणार. सहा बुधवार शिकायचं, सातव्या बुधवारी परीक्षा, आणि पास झालं की छातीवर लावायला बिल्ला. शहाण्णव साली असलं काही कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. कोरेगावच्या एसटीत बनाबाईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मी पयली येडी हुते, आता येड्यांसाठी शिकतीया," तर शेजारची बाई पिशवी उचलून थेट कंडक्टरजवळ जाऊन बसली. बनाबाईला ऐसपैस खिडकी मिळाली.

गुंडाभाऊ मेढ्याचे. सैन्यातून आल्यावर दिवाळीत फटाका वाजला की खाटेखाली शिरायचे. आता खाटेवर बसून लाडू खातात, हे ते दर बुधवारी सांगायचे. पण सावधान काही सुटत नव्हतं.

आणि बनाबाईचं? तिला गप्प बसता येत नव्हतं. नियम साधा होता. पंधरा मिनिटं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, आपलं रडगाणं गायचं नाही. केरबा म्हणाला, झोप लागत नाही. झालं! "तळपायाला खोबरेल चोळ. उशाला कांदा ठेव. आन सांजच्याला भात खाऊ नगंस. आता माझंच घे की..." हे ‘माझंच घे’ सुरू झालं की कोरेगावची गाडी लागेपर्यंत थांबत नसे.

"बनाबाई, अशानं नापास व्हाल हो," ताई म्हणायच्या, आणि बनाबाई लगेच तोंडावर पदर दाबायची. कारण तिला बिल्ला बिल्ल्यासाठी नकोच होता. तिला काडेपेटी हवी होती.

त्याचं असं झालं होतं. चार वर्षांपूर्वी आजार भरात असताना माळ्यावर कुणीतरी बसून आपली निंदा करतंय असं तिला ऐकू यायचं. एका दुपारी त्या निंदा करणाऱ्याला हुसकायला तिनं सरळ काडी ओढली. निंदा करणारा काही सापडला नाही, पण माळ्यावरचा कडबा आणि मुलाची, धम्मपालची, लग्नातली गादी खाक झाली. गल्लीतल्या लोकांनी घागरी ओतून घर वाचवलं. त्या दिवसापासून सून नीलिमा काडेपेटी कनवटीला खोचून हिंडायची. विहिरीवर गेली तरी कनवटीला, झोपली तरी उशाखाली. पुढं गोळ्या लागू पडल्या, आवाज गेले. आजार गेला, काडेपेटी काही परत आली नाही.

चहासुद्धा सुनेला विचारून. आणि मिश्री! भाजलेल्या तंबाखूनं दात घासल्याशिवाय बनाबाईची सकाळच उजाडत नसे. पण ती तव्यावर भाजायची नीलिमानं, तीही नाकाला पदर लावून, ठसकत, बोलत. एकदा बनाबाईनं विचारलंच, "आगं, आता मी बरी हाय की. दे की पेटी."

"बिल्ला मिळवा, आत्या. मग बघू," नीलिमा म्हणाली होती.

सातवा बुधवार उजाडला. आज खोटं रडणारा केरबा नव्हता, खरं माणूस येणार होतं. बनाबाईच्या वाट्याला आली विजयमाला, उंब्रजच्या मोठ्या ऊसवाल्यांची सून. मूल दगावल्यापासून आठ महिने तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. सासू बाहेर ओट्यावर बसली होती. ताई दाराशी कागद घेऊन बसल्या.

विजयमालेचा उतरलेला चेहरा पाहिला मात्र, बनाबाईच्या जिभेवर सल्ल्यांची रांग लागली. आता बोलणार, आणि नापास होणार! तेवढ्यात तिला सुचलं. मिश्री लावताना बाईला बोलता कुठं येतं? तिनं कमरेची डबी काढली, चांगली चिमूटभर मिश्री तोंडात टाकली आणि बोटानं दात घासायला लागली.

पाच मिनिटं गेली. खोलीत नुसता घासण्याचा आवाज.

विजयमाला बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आमच्यात चोरून लावत्यात."

ताईंच्या हातातला पेन पडला.

"मला बी दे जरा." तिनं तळहात पुढं केला. कोरेगावच्या बौद्धवाड्यातल्या डबीतली मिश्री उंब्रजच्या सुनेच्या हातावर पडली. बाहेरच्या सासूनं हे बघितलं असतं, तर तिलाच सोबती लागला असता. दोघी समोरासमोर बसून दात घासू लागल्या.

"सगळी म्हणत्यात, इसर," विजयमाला मधेच थांबून म्हणाली.

बनाबाई दचकली. तेच तर तिच्या जिभेच्या टोकाशी होतं! इसर गं बाई, अजून व्हतील. पण तोंड भरलेलं. "उं," एवढंच आलं.

"म्या नाव ठेवलं हुतं. शिवतेज. त्यो गेल्यापासनं घरात कुणी नाव बी घेत न्हाई. जणू आलाच नव्हता."

"उं."

मग ती बोलतच राहिली. पंधरा मिनिटांची पन्नास झाली. बनाबाईच्या डोळ्यांतून पाणी आणि हनुवटीवरून काळा ओघळ, दोन्ही एकदमच वाहत होते. पुसायलासुद्धा ती हलली नाही.

शेवटी बाहेर जाऊन तोंड धुऊन आली तेव्हा ताई म्हणाल्या, "एक शब्दही मध्ये बोलला नाहीत! कसं जमवलंत?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "तोंड भरलं हुतं, ताई," ती म्हणाली. "न्हाईतर मी बी ‘इसर’च म्हणणार हुते."

ताई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग बिल्ला देताना गंभीर झाल्या. "पुढच्या वेळी मात्र रिकाम्या तोंडानं हं."

बनाबाई घरी आली ती बिल्ला पदरावर मिरवतच. नीलिमा चुलीपुढं बसली होती. तिनं बिल्ला पाहिला, वाचला. भाकरी थापत राहिली. मग भाकरी थापतानाच तिचे खांदे हलायला लागले.

"मला लय भ्या वाटतंय, आत्या," ती म्हणाली. "चार वर्सं झाली, मी सलग झोपलेली न्हाई. तुमी कूस बदलली तरी जाग येती. कुणाला सांगू? समद्यांना वाटतंय, सून कजाग हाय."

बनाबाईच्या जिभेवर सगळी रांग परत हजर झाली. मी काय मुद्दाम केलं व्हय? आन माझंच घे की! हात आपसूक डबीकडं गेला. झाकण उघडलं. डबी रिकामी. सगळी मिश्री विजयमालेनं आणि तिनं संपवली होती.

बनाबाई खाली बसली, सुनेजवळ. रिकाम्या तोंडानं. नीलिमा त्या दुपारच्या धुराबद्दल बोलली, गादीबद्दल बोलली, सासूचा हात धरून ओढताना आपलाच हात भाजला त्याबद्दल बोलली. हे शेवटचं बनाबाईला आजवर ठाऊकच नव्हतं. मनगटावरचा तो डाग तिनं रोज पाहिला होता आणि कधी विचारलं नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.

नीलिमानं नाक पुसलं. चुलीतली लाकडं ओढून विस्तव विझवला. मग कनवटीला हात घालून काडेपेटी काढली आणि बनाबाईच्या गुडघ्यापाशी ठेवली.

"डबी रिकामी दिसतीया," ती उठत म्हणाली. "भाजा तुमची तुमी. मला ठसका लागतोय." आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली, चुलीकडं पाठ करून.

बनाबाईनं पेटी उचलली. पेटी सुनेच्या अंगाच्या उबेनं कोमट होती. एकच काडी ओढली, चूल पेटवली, उरलेली काडी पाण्यात बुडवून विझवली. मग पेटी भिंतीतल्या देवळीत ठेवली, तिच्या मूळच्या जागी, दोघींचाही हात पोचेल अशी.