रादियाच्या लग्नाची फिल्म

कॉन्स्टंटाइन शहरात लग्नात बायकांच्या दालनात पुरुष कॅमेरावाल्याला पाऊल टाकता येत नाही, म्हणून नुवाराचं बरं चाललं होतं. नवरा सोडून गेल्यावर तिनं लग्नाची फिल्म काढून देण्याचा हा धंदा धरला. तिच्या भावानं, लियेसनं, जुन्या मालाच्या बाजारात हिंडून तिला वापरलेला कॅमकॉर्डर निवडून दिला. दुकानदार एका चकचकीत कॅमेऱ्याची भलावण करत होता.

"दिसायला गोंडस आहे," लियेस म्हणाला, "पण थोड्या वेळात तापून झोपेल. वऱ्हाड काय त्याच्यासाठी थांबणारे? हा जाडजूड घे बये. कमी उजेडातही दिसतं याला."

कॉम्प्युटर त्यानं घरीच जुळवला. प्रोसेसर आणि मेमरी चांगली घेतली, बाहेरची पेटी भंगारातली. हार्ड डिस्कच्या वेळी मात्र हात आखडावा लागला.

"फिल्म दिली की मूळ चित्रण पुसून टाकत जा. मोठी डिस्क उन्हाळ्यात बघू."

हिवाळ्याच्या तोंडाशी रादियाचं लग्न झालं. नुवारानं फिल्म पोचवली आणि पुढच्या लग्नासाठी जागा केली.

थंडी कडाक्याची पडली तेव्हा त्या नव्या जोडप्यानं दारंखिडक्या घट्ट लावून गॅसचा हीटर पेटवला. विषारी वायू खोलीत कोंडला. सकाळी दोघंही पांघरुणातच गेलेली सापडली.

मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर रादियाची आई झहिया नुवाराकडे आली. नुवारा तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. कॉफीला तिनं हात लावला नाही.

"फिल्म पाहिली गं. छान केलीस. पण नुसती गाणीच गाणी, तिचा आवाज कुठंच नाही. मेंदी लावताना ती केवढी खदखदून हसली होती! तू समोरच होतीस. तेवढं दे मला."

"खाला, ते... मी पुसलं."

"पुसलं म्हणजे?"

"जागा नव्हती."

झहियानं टेबलाखालच्या पेटीकडे पाहिलं. "एवढ्या मोठ्या खोक्यात माझ्या पोरीपुरती जागा नव्हती?"

नुवारानं लियेसला बोलावून घेतलं. दुपारभर त्यानं खटपट केली. पण रादियाच्या जागेवर पुढची लग्नं चढली होती. पडद्यावर दुसऱ्याच नवऱ्या नाचत होत्या. शेवटी तो मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी, खाला. लहान डिस्क मीच निवडली."

"तुझी कसली चूक, बाळा," झहिया म्हणाली. "हीटर तर मीच दिला होता त्यांना. जुना होता, पण चालतोय म्हणून दिला."

मग झहियानं नुवाराचं मनगट धरलं. "ती कशाला हसली होती गं? मी स्वयंपाकघरात होते. तू तरी ऐकलं असशील."

नुवारानं आठवून आठवून पाहिलं. रादियाचे दात दिसले, डोळ्यांतलं पाणी दिसलं. शब्द एकही आठवला नाही. नुवाराचं सगळं लक्ष तेव्हा उजेडाकडे होतं.

"नाही आठवत, खाला."

झहियानं मनगट सोडलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि जिना उतरायला लागली. नुवारा तिच्यामागून बस थांब्यापर्यंत गेली.