बत्तीसच्या खटक्याची लाज

“पप्पा, आपला खटका कदीच पडत न्हाय. मेलाय का त्यो?”

शाळेत विजेचा धडा झाला, तेव्हा हे घरी विचारून दाखव, अशी पैजच मैत्रिणींनी दिशाशी लावली होती. तिने विचारलं, आणि झोंबलं मात्र मला. मित्रांनो, मी एक जुना एमसीबी आहे. कळंबच्या या घरात मला सगळे खटका म्हणतात. वायरला सोसणार नाही एवढी वीज धावली, की पडायचं आणि ती तोडायची, एवढ्यासाठीच माझा जन्म!

माझ्या आधी इथे दहा अँपिअरचा खटका होता. विजेच्या शेगडीसोबत दुसरं काही लावलं की बिचारा पडायचा. वैतागून दिशाचे वडील रविंद्र बारामतीला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, “पडत न्हाय असा द्या.” मी आलो, बत्तीसचा! भिंतीतली वायर मात्र तीच, दहापुरती, बारीक. तीन वर्षं मी पडलो नाही. पाहुण्यांत माझं कौतुक व्हायचं नि मी फुगायचो.

रविंद्र हसले. “मेलाय? वाघ हाय त्यो! बघ.” त्यांनी शेगडी लावली, पाण्याची कॉईल लावली, वर इस्त्री.

मी आपला ताठ.

भिंतीलगतच्या खाटेवरून आजी अक्काबाई ओरडल्या, “आरं, प्लॅस्टिक कोण जाळतंय?” दिशाने भिंतीला हात लावला. चटका! तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

वायरमन गेणबांनी वायर ओढून काढली. आवरण वितळून काळंठिक्कर. “दहाची वायर आन खटका बत्तीसचा? रविंद्रराव, घर पेटलं असतं तरी ह्यो पडला नसता.”

मित्रांनो, मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. ज्याला सगळे गुण म्हणत होते, तोच माझा गुन्हा होता. म्हातारी त्या भिंतीला पाठ लावून झोपायची हो! म्हणून हात जोडून सांगतो, वायरला पेलेल तेवढाच खटका बसवा. आणि तो पडला तर त्याला शिव्या देऊ नका.

रविंद्र खाली बघत पुटपुटले, “जळाली तेवढी वायर बदला. परवा जयंतीच्या जेवणाला पाव्हणं येणारेत, दहाचा सारखा पडंल. ते जाईस्तवर हाच खटका चालू द्या.”

“अवं, पण...” दिशाची आई मेघना म्हणाल्या.

दिशा मेन स्विचला पाठ लावून उभी राहिली. “आई, पप्पा, मी ठरवलंय. दहाचा खटका बसल्याबिगर मी मेन चालू करू देणार न्हाय. पाव्हणं अंधारात जेवतील. आन अंधार का, ते मीच सांगीन त्यास्नी.”